कोळशाचे पेट्रोल : बनते, पण कोणाला परवडते?

विज्ञान प्रदर्शनांच्या मोसमात एक प्रयोग हमखास पाहायला मिळतो. पत्र्याच्या बंद डब्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, खाली शेगडी, डब्यातून निघालेली नळी पाण्याच्या बादलीतून पलीकडच्या बाटलीत. बाटलीत पिवळसर, उग्र वासाचे थोडेसे द्रव जमते. विद्यार्थी त्यात कापसाचा बोळा बुडवून पेटवून दाखवतो. मागच्या फलकावर लिहिलेले असते, ‘टाकाऊ प्लॅस्टिकपासून पेट्रोल. इंधन टंचाईवर रामबाण उपाय.’

या प्रयोगातील रसायनशास्त्र खरे आहे. (तो शाळेत करू नये, हा भाग वेगळा. बंद डब्यातून ज्वालाग्राही वाफा निघतात आणि प्लॅस्टिकमध्ये पीव्हीसी मिसळलेले असेल तर हायड्रोजन क्लोराइडसारखा विषारी वायूही निघतो.) आमचे आक्षेप आहेत ते फलकावरील दुसऱ्या वाक्याला. त्या वाक्याची परीक्षा पाटीवरच्या एका भागाकाराने होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ साली देशात सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. २०२३-२४ साली देशात पेट्रोलियम पदार्थांचा खप सुमारे २३ कोटी टन होता. म्हणजे सगळा कचरा गोळा झाला, धुतला गेला आणि त्याचे कणभरही वाया न जाता इंधन झाले, असे मानले तरी ते गरजेच्या दोन टक्केसुद्धा भरत नाही. शिवाय प्लॅस्टिक हे मुळात खनिज तेलापासूनच बनलेले असते. तेव्हा या बाटलीत नवे असे काही आलेले नाही. जुन्याच तेलाचा थोडा भाग परत मिळाला आहे.

कचऱ्याची विल्हेवाट म्हणून या प्रक्रियेला काही किंमत असेल. देशाची इंधन समस्या सोडवणारी म्हणून ती नाही. या दोन गोष्टींत गल्लत करण्याची सवय शाळकरी मुलांपुरती मर्यादित नाही. कोळशापासून पेट्रोल, शेलखडकापासून डिझेल, मोगली एरंडापासून डिझेल, आणि अलीकडे हवा, पाणी व वीज यांपासून पेट्रोल, अशा घोषणा गेली शंभर वर्षे होत आल्या आहेत. प्रत्येक वेळी ‘बनते का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आले आणि ‘परवडते का?’ हा प्रश्न मागाहून, बहुधा सार्वजनिक पैसा खर्च झाल्यावर, विचारला गेला. या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

शंभर वर्षांचे जुने रसायन

पेट्रोल किंवा डिझेल म्हणजे प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. एका कार्बन अणूमागे साधारण दोन हायड्रोजन अणू असे त्यांचे प्रमाण असते. कोळशात कार्बन विपुल, पण हायड्रोजन कमी. म्हणून कोळशाचे द्रव इंधन करायचे म्हणजे त्यात हायड्रोजन घालायचा, एवढाच या उद्योगाचा गाभा आहे.

त्याचे दोन मार्ग जर्मनीत शोधले गेले. फ्रीड्रिख बेर्गियुस यांनी १९१३ साली भारी दाबाखाली कोळशाचा हायड्रोजनशी थेट संयोग घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे १९३१ साली कार्ल बॉश यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा मार्ग म्युल्हाइम येथील कोळसा संशोधन संस्थेतील फ्रांझ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास शोधला. यात कोळशावर वाफ व प्राणवायू सोडून आधी कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण तयार करतात. मग लोह किंवा कोबाल्ट या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्या वायूंपासून हायड्रोकार्बनच्या साखळ्या जुळवतात. वायूंचे हे मिश्रण नैसर्गिक वायूपासून, लाकडापासून किंवा शेतातील काडीकचऱ्यापासूनही करता येते. म्हणून आजही ‘पर्यायी कच्चा माल’ म्हटले की फिशर-ट्रॉप्श हे नाव येतेच.

हिशेबाची पहिली वही : द्रव्य आणि ऊर्जा

आदर्श परिस्थितीत कोळसा आणि पाणी यांपासून इंधन करण्याची एकूण अभिक्रिया अशी मांडता येते : कार्बनचे तीन अणू आणि पाण्याचे दोन रेणू यांपासून इंधनसाखळीचे दोन दुवे (प्रत्येकात एक कार्बन व दोन हायड्रोजन) आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू. दहावीच्या विद्यार्थ्याला हे समीकरण तपासता येईल. ३६ ग्रॅम कार्बनपासून २८ ग्रॅम इंधन मिळते आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कागदावरच्या या निर्दोष कारखान्यातही एकतृतीयांश कार्बन धुराड्यातून निघून जातो, कारण पाण्यातील प्राणवायूला कोठे तरी जावेच लागते.

आता ऊर्जा पाहू. ३६ ग्रॅम कार्बन पूर्ण जाळल्यास सुमारे ११८० किलोज्यूल उष्णता मिळते. त्यापासून झालेले २८ ग्रॅम इंधन जाळल्यास (तयार होणारी वाफ थंड होऊन पाणी झाले असे धरून) सुमारे १३१० किलोज्यूल मिळते. मग वरचे १३० किलोज्यूल आले कोठून? ते बाहेरून पुरवावे लागतात, म्हणजे आणखी कोळसा जाळावा लागतो. प्रत्यक्षात तर याच्या कित्येक पट जाळावा लागतो. वायू तयार करताना हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान लागते. साखळ्या जुळताना उष्णता परत मिळते खरी, पण ती दोनशे ते साडेतीनशे अंशांची. कमी तापमानाच्या उष्णतेने अधिक तापमानाची भट्टी तापवता येत नाही, हा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आहे. त्यात हवेतून प्राणवायू वेगळा काढणे, वायू दाबणे आणि गंधक काढून टाकणे यांचा खर्च मिळवावा लागतो. या सर्वांमुळे कोळशातील ऊर्जेपैकी साधारण निम्मी किंवा त्याहून कमीच द्रव इंधनात उतरते. एक टन कोळशापासून मिळणारे इंधन दोन पिंपांच्या आसपास असते (एक पिंप म्हणजे १५९ लिटर). खाणीपासून गाडीच्या नळकांड्यापर्यंत हिशेब केला, तर कोळशाच्या पेट्रोलमुळे वातावरणात जाणारा कार्बन डायऑक्साइड खनिज तेलाच्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

तंत्रज्ञान सुधारले की हा तोटा नाहीसा होईल, असे पुष्कळदा सांगितले जाते. तोटा कमी होईल; नाहीसा होणार नाही. त्याचा काही भाग यंत्राच्या दोषामुळे आहे आणि काही निसर्गनियमांमुळे. कोणता भाग कशामुळे, हे सांगणे हे विज्ञानशिक्षणाचे काम आहे.

दुसरी वही : पैसा

लॉयना येथील आय. जी. फार्बेन कंपनीच्या कारखान्यात १९२७ पासून तपकिरी कोळशाचे पेट्रोल निघू लागले. जगातील खनिज तेल लवकरच संपेल, भाव चढतील आणि आपले पेट्रोल आपोआप स्वस्त ठरेल, हा कंपनीचा अंदाज होता. १९३० साली पूर्व टेक्सासात प्रचंड तेलसाठा सापडला. त्यातच जागतिक मंदी आली आणि तेलाचे भाव कोसळले. लॉयनाचे पेट्रोल आयात पेट्रोलच्या कित्येक पट महाग ठरले.

हा कारखाना तरला तो बाजारामुळे नव्हे. डिसेंबर १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने कंपनीशी करार करून दहा वर्षांसाठी किमतीची व खरेदीची हमी दिली. सरकारला युद्धासाठी इंधन हवे होते. भाव हा दुय्यम मुद्दा होता. १९४४ च्या प्रारंभी जर्मनीतील सुमारे पंचवीस कारखाने मिळून रोज सव्वा लाख पिंपांच्या घरात कृत्रिम इंधन काढीत होते आणि विमानांचे बहुतेक सर्व पेट्रोल त्यातूनच येत होते. यातील अनेक कारखान्यांत युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी यांना वेठीला धरले होते. मजुरी द्यावयाचीच नाही असे ठरवले की कोणत्याही मालाचा उत्पादनखर्च खाली येतो. खर्चाच्या आकड्यांत ती माणसे दिसत नाहीत. १२ मे १९४४ पासून दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हे कारखाने लक्ष्य केले आणि जर्मन विमानदलाचे इंधन आटले. युद्धानंतर पश्चिम जर्मनीतील हे कारखाने बंद पडले किंवा खनिज तेलाच्या शुद्धीकरणाकडे वळले.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. १९५० साली स्थापन झालेल्या सासोल कंपनीने १९५५ मध्ये कोळशाचे पेट्रोल काढण्यास प्रारंभ केला. वर्णभेदी राजवटीवर तेलबंदीचे सावट होते. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणनेही तेल देणे थांबवले. १९८० च्या सुमारास सेकुंडा येथे दोन महाकाय कारखाने सुरू झाले. ते आजही चालतात. त्यांची क्षमता रोज सुमारे दीड लाख पिंपांची आहे. ‘सासोलला जमते, मग आपल्याला का नाही?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर त्या कारखान्याच्या जन्मकथेत आहे. खाण कारखान्याच्या दाराशी, कोळसा स्वस्त, वर्णभेदाच्या काळातील मजुरी नाममात्र, भांडवल राज्यकोशाचे, आणि वर सरकारी दरसंरक्षण. आज भांडवल फिटलेले आहे म्हणून तो चालतो. नव्याने उभारायचा झाल्यास हिशेब अगदी वेगळा होईल. आणि हेच सेकुंडा आज जगातील कार्बन डायऑक्साइडच्या सर्वांत मोठ्या एकेकट्या उगमांपैकी एक आहे.

अमेरिकेत वेगळे नाटक घडले. तेलाच्या दुसऱ्या भडक्यानंतर १९८० साली तेथील संसदेने कृत्रिम इंधन महामंडळ स्थापन केले. १९८७ पर्यंत रोज पाच लाख पिंपे, हे उद्दिष्ट होते. पण २ मे १९८२ रोजी एक्झॉन कंपनीने कोलोरॅडोतील शेलखडकापासून तेल काढण्याचा आपला प्रकल्प एकाएकी बंद केला. दोन हजारांहून अधिक कामगार एका दिवसात बेकार झाले. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याहून खाली आला आणि त्याच वर्षी महामंडळ गुंडाळले गेले.

न्यूझीलंडची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. मोटुनुई येथे १९८० च्या दशकाच्या मध्यास नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल आणि मिथेनॉलपासून पेट्रोल बनवणारा कारखाना सुरू झाला. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम चालला. पुढे लक्षात आले, की मधल्या टप्प्यावरचे मिथेनॉल तसेच विकले तर जास्त पैसे मिळतात! १९९० च्या दशकात तेथे पेट्रोल बनवणे थांबले आणि मिथेनॉलची विक्री चालू राहिली.

भाव का गाठता येत नाही?

‘तेल अमुक डॉलरच्या वर गेले की कृत्रिम इंधन परवडेल,’ असे विधान दर दहा-पंधरा वर्षांनी होते आणि तो ‘अमुक’ आकडा दर वेळी वर सरकलेला असतो. याची तीन कारणे आम्हांला दिसतात.

पहिले असे की तेल महागले की पोलाद, कोळसा, वाहतूक आणि यंत्रसामग्रीही महागते. म्हणजे कृत्रिम इंधनाचा खर्चही मागोमाग चढतो. दुसरे कारण भांडवलाचे स्वरूप. कतारमध्ये नैसर्गिक वायूपासून द्रव इंधन करणारा पर्ल हा शेल कंपनीचा प्रकल्प २०११ साली सुरू झाला. क्षमता रोज १ लाख ४० हजार पिंपांची, खर्च सुमारे १८ ते १९ अब्ज डॉलर. असा प्रकल्प उभारण्यास पाच-सात वर्षे आणि भांडवल फिटण्यास वीस वर्षे लागतात. तेलाचा भाव मात्र तेवढे थांबत नाही. जुलै २००८ मध्ये तो पिंपाला १४७ डॉलर होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरात चाळिसाच्या खाली. २०१४ च्या मध्यास ११५, तर जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली. शेल कंपनीनेच अमेरिकेतील लुइझियाना येथील असाच बेत डिसेंबर २०१३ मध्ये सोडून दिला, तेव्हा तेल शंभर डॉलरच्या वर होते! तिसरे कारण प्रतिस्पर्ध्याचे. पश्चिम आशियातील काही विहिरींतून दहा डॉलरहून कमी खर्चात पिंपभर तेल निघते. ज्याचा उत्पादनखर्च इतका कमी, तो भाव पाडून टिकू शकतो. कर्जाचे हप्ते फेडणारा नवा कारखाना टिकू शकत नाही.

हवेतून पेट्रोल

आता नव्या पिढीच्या इंधनाकडे वळू. चिलीतील पुंता अरेनासजवळ डिसेंबर २०२२ मध्ये वाऱ्याची वीज, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून पेट्रोल बनवणारा एक पथदर्शी कारखाना सुरू झाला. वार्षिक क्षमता १ लाख ३० हजार लिटर. येथे कोळसा नाही, म्हणून धुराचा आक्षेप गळून पडतो. पण ऊर्जेचा आक्षेप अधिकच तीव्र होतो, कारण कार्बन डायऑक्साइड हे जळून गेलेले द्रव्य आहे. राखेचे पुन्हा लाकूड करण्यासारखे हे काम.

एक लिटर पेट्रोलसाठी सुमारे ०.३२ किलो हायड्रोजन लागतो. पाण्याच्या विद्युत विघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवण्यास पन्नासहून अधिक युनिट वीज खर्च होते. म्हणजे केवळ हायड्रोजनसाठीच सोळा-सतरा युनिट. कार्बन डायऑक्साइड गोळा करणे आणि पुढील प्रक्रिया धरून आकडा वीस किंवा त्याहून अधिक होतो. इतके करून मिळालेल्या लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांइतकी उष्णता असते आणि त्यावर छोटी मोटार पंधरा-सोळा किलोमीटर जाते. तीच वीस युनिट वीज विजेवरच्या मोटारीच्या बॅटरीत भरली तर ती शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. फरक सहा-सात पटींचा आहे. वीज चार रुपये युनिट धरली, तर एका लिटरमागे केवळ विजेचे ऐंशी रुपये होतात. २०२४ साली दिल्लीत कर व विक्रेत्याचे कमिशन वगळता पेट्रोलची किंमत साधारण ५५ रुपये होती.

मग हे सारे निरुपयोगी का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लांब पल्ल्याच्या विमानाला पुरेशी हलकी बॅटरी आज उपलब्ध नाही. तेथे द्रव इंधनाला पर्याय कमी आहेत. युरोपीय संघाने २०२५ पासून विमान इंधनात दोन टक्के आणि २०३० पासून सहा टक्के शाश्वत इंधन सक्तीचे केले आहे. आपल्याकडेही १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात असे देशी इंधन अल्प प्रमाणात मिसळले होते. जेथे दुसरा उपाय नाही तेथे महाग उपायही योग्य ठरतो. शहरातील स्कूटर आणि मोटार ही ती जागा नव्हे.

आपला देश, आपला पैसा

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. म्हणून ‘परकीय चलन वाचेल’ हा युक्तिवाद येथे लगेच मनाला भिडतो. मोगली एरंडाच्या वेळीही तो भिडला होता. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर मोगली एरंड लावण्याची शिफारस केली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात डिझेलमध्ये एक टक्काही मिसळले गेले नाही. झाड पडीक जमिनीत जगते हे खरे होते. पाण्याखतावाचून ते भरपूर बियाही देते, हे खरे नव्हते. ‘जगते’ आणि ‘पिकते’ यांतील फरक शेतकऱ्याला विचारला असता तर त्याने सांगितला असता.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहनास मान्यता दिली. २०३० पर्यंत दहा कोटी टन कोळशाचे वायूकरण हे उद्दिष्ट आहे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ही राख भट्टीत तापवावी लागते, बाहेर काढावी लागते आणि कोठे तरी टाकावी लागते. त्यामुळे सेकुंडाचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होत नाहीत. वायूपासून खत किंवा मिथेनॉल करणे आणि पेट्रोल करणे यांचे हिशेब वेगवेगळे आहेत, हे न्यूझीलंडने दाखवले आहे. ते वेगवेगळेच मांडले जावेत.

आमचे म्हणणे असे, की कृत्रिम इंधन हा बहुतेक वेळा विमा असतो आणि तो धंदा म्हणून विकला जातो. युद्ध, तेलबंदी, समुद्रमार्ग अडणे अशा प्रसंगांसाठी एखाद्या देशाने असा विमा उतरवणे शहाणपणाचे असू शकते. पण विम्याचा हप्ता किती, तो कोण भरणार, आणि त्याच पैशांत तेलाचे राखीव साठे, रेल्वेचे विद्युतीकरण किंवा सार्वजनिक वाहतूक यांतून अधिक संरक्षण मिळेल का, हे आधी सांगितले पाहिजे. हप्त्याला नफा म्हटले की हा प्रश्न विचारलाच जात नाही.

वर्गात हा विषय येतो तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर चार रकाने आखावेत : कच्चा माल किती लागेल, ऊर्जा किती घालावी लागेल, भांडवल किती वर्षांत फिटेल, आणि तीच ऊर्जा व तोच पैसा दुसरीकडे घातला तर काय मिळेल. मग वर्तमानपत्रातील पर्यायी इंधनाची कोणतीही ताजी बातमी घेऊन विद्यार्थ्यांना हे रकाने भरायला सांगावेत. बहुतेक बातम्यांत पहिला रकानाही पुरता भरत नाही. कोणता रकाना रिकामा राहिला आणि तो का रिकामा ठेवला गेला असेल, यावर एक तासिका सहज खर्च होईल आणि ती वाया जाणार नाही.